नदीकाठावरच्या उपऱ्या वनस्पती : सहा किलोमीटरची नोंदवही

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज काठाची आखणी झाली. खालच्या पुलापासून वरच्या बंधाऱ्यापर्यंत सहा किलोमीटर. दर शंभर मीटरवर एक थांबा, शून्य ते साठ, दोन्ही काठ मिळून १२२ थांबे. प्रत्येक थांब्यावर दहा मीटर लांबीची पट्टी धरायची आणि पाण्याच्या कडेपासून गेल्या पावसाळ्यातल्या पुराच्या खुणेपर्यंत जे जे परकं उगवलेलं आहे ते लिहायचं. पुराची खूण शोधावी लागत नाही. झुडपांत अडकलेला पालापाचोळा, चिंध्या आणि प्लास्टिक ती दाखवतात.

डावा काठ कोणता आणि उजवा कोणता यावरच अर्धा तास गेला. शेवटी ठरलं: पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग डाव्या हाताचा तो डावा काठ. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. नोंद करणाऱ्यांपैकी एकानं जरी उलटं धरलं, तरी सगळी वही वाया जाईल.

आणखी एक ठरलं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. काही सापडलं नाही तर 'नाही' असं लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. कोऱ्या रकान्याचे दोन अर्थ निघतात: तिथे गेलोच नाही, किंवा गेलो आणि नव्हतं. उद्या त्या जागी काही उगवलं तर ते नवं आलंय की आधीपासून होतं, हे आजच्या 'नाही'वरूनच कळणार आहे.

१९ जानेवारी, रविवार

उजवा काठ, थांबे ० ते १४. सगळीकडे जलपर्णी. मूळची ही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद मिळालं की पंधरवड्यात दुप्पट होते, आणि तिचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. हे सगळं माहीत असूनही थांबा उ-९ वर आमच्यातल्या दोघांनी 'जलपर्णी नाही, दुसरं काहीतरी' असं लिहिलं. कारण तिथल्या रोपांना फुगीर देठ नव्हते. फुगलेला देठ ही खूण सगळ्यांच्या डोक्यात बसलेली असते, पण तो मोकळ्या पाण्याकडच्या रोपांना येतो. मधल्या दाटीत देठ लांब, सडसडीत होतात आणि रोप कमरेएवढं उंच जातं. तुऱ्यात फूल दिसलं तेव्हा शंका फिटली: फिकट जांभळ्या सहा पाकळ्या आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा.

दुपारी नावेतून गेलो. नावाडी मामांना म्हटलं, या जलपर्णीचा फार त्रास होत असेल ना? ते म्हणाले, "ही वल्ह्यानं बाजूला होते हो. ओढ्याच्या तोंडाशी काठाला धरून एक वेल आलीय, ती होत नाही. वल्हं अडकतं तिच्यात." वहीत लिहून घेतलं. कोणती वेल ते त्यांना सांगता आलं नाही, आणि आज तिथपर्यंत जाण्याइतका उजेड उरला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

डावा काठ, थांबे ० ते ४०. चढावर घाणेरी आणि रानमोडी, वाटेच्या कडेनं गाजरगवत. यांची ओळख पटवायला वेळ लागत नाही, फक्त किती जागा व्यापली ते लिहायचं. डा-२२ ते डा-२६ या पट्ट्यात शेतांच्या बांधावर बेशरमीचं कुंपण आहे. तिच्या पाल्यात स्वेनसोनिन नावाचं विष असतं आणि तो सतत खाणाऱ्या शेळ्या लडखडू लागतात, म्हणून गुरं तिला टाळतात आणि कुंपण टिकतं. छाटलेल्या काठ्या मात्र सरळ नदीत टाकल्या जातात आणि खाली जिथे गाळाला टेकतील तिथे रुजतात. डा-१९ च्या वाळूच्या बेटावर अशीच अठ्ठावीस झुडपं मोजली. एका काकांशी बोललो. छाटण उंचावर वाळवून मग टाका म्हटल्यावर ते म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं." पुढच्या फेरीत बघू.

आजची मोठी गोष्ट वेगळीच. अ‍ॅलिगेटर वीड, म्हणजे अल्टरनँथेरा फिलोक्सेरॉइडिस, अकरा जागी सापडली. मराठीत तिला रुळलेलं नाव नाही, म्हणून वहीत आम्ही 'फिलो' लिहितो. दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीकाठची ही वेल पाण्यावर तरंगते आणि जमिनीवरही वाढते. जिथे जिथे ती पसरली तिथे बहुतेक ठिकाणी ती बी धरत नाही. तुटलेल्या खोडाचं एक पेर तिला पुरतं. ती आमच्या काठावर अकरा ठिकाणी आहे हे कळल्यावर सगळे हादरलो. संध्याकाळीच यादी नदीचं काम पाहणाऱ्या कार्यालयाला पाठवली. डा-१८ वरची वेल आम्ही दोघांनी तिथल्या तिथे उपटून टाकली.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई सोबत होत्या. अकरापैकी नऊ जागी फिलो नाही. ती कांचरी आहे, अल्टरनँथेरा सेसिलिस, इथल्या ओलसर काठांवर पिढ्यान् पिढ्या वाढणारी.

बाईंनी खाली बसून दोन फांद्या शेजारी शेजारी धरल्या. दोन्हींची पानं समोरासमोर, दोन्हींची फुलं पांढरी, कागदासारखी कोरडी. फरक फुलाच्या बोंडाला देठ आहे की नाही यात. कांचरीची बोंडं लहान, पानाच्या बगलेत अगदी पेराला चिकटलेली, बरेचदा दोन-तीन एकत्र. फिलोचं बोंड एकटं, बोटभर लांब देठावर उभं राहिलेलं, सेंटिमीटरभराहून मोठं. फूल नसेल तर पाण्यातलं खोड आडवं कापून पाहायचं. फिलोचं खोड नळीसारखं पोकळ असतं, त्यावरच ती तरंगते. पण कोरड्या जागी वाढलेल्या फिलोचं खोड तितकं पोकळ राहत नाही. त्यामुळे एका खुणेवर निकाल द्यायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

आम्ही चित्र पाहून ठरवलं होतं. त्या चित्रात देठ होता. तो आम्ही पाहिलाच नाही, कारण दुसरी अशी एक वनस्पती असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. परकी वनस्पती ओळखायला निघालो, पण आपल्या काठावरची आपलीच वनस्पती आम्ही ओळखत नव्हतो.

बाईंनी ऑस्ट्रेलियातली हकीकत सांगितली. तिथे स्थायिक झालेले श्रीलंकन लोक परसात कांचरी समजून हिरवी वेल लावत होते. १९९०च्या दशकात तपास झाला तेव्हा कळलं की ती फिलो आहे. कडक बंदी असलेली वनस्पती माणसं भाजी म्हणून हौसेनं वाढवत होती, कुणालाच कल्पना नव्हती. आमची चूक उलट्या बाजूची. त्यांनी परकीला आपली मानलं, आम्ही आपलीला परकी ठरवून उपटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. नऊ थांब्यांचे क्रमांक, आधी काय लिहिलं होतं, आता काय आहे, चूक कशामुळे झाली. वहीतल्या जुन्या नोंदी खोडल्या नाहीत, एका रेघेनं छेदून शेजारी तारीख घातली. डा-१८ पुढे लिहिलं: कांचरी, आमच्या हातून उपटली गेली, साधारण दोन चौरस मीटर.

उरले दोन. डा-३४ आणि डा-३६.

९ मार्च, रविवार

आज फक्त फोटोंचे नियम पक्के करायचे असं ठरलं होतं, पण दिवस मोठा निघाला.

आधी नियम. एका नोंदीला पाच फोटो: पूर्ण झाड जागेसकट, पानांची मांडणी पेरासह, फूल समोरून आणि बाजूनं, कापलेलं खोड, आणि मापासाठी शेजारी पट्टी. फुलाचा बाजूनं काढलेला फोटो आम्ही आधी काढतच नव्हतो, आणि देठ नेमका त्यातच दिसतो. जागेचे अक्षांश-रेखांश घेताना मोबाइलवरची अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबायचं. दाट झाडीखाली ती वीस मीटरपर्यंत हुकते आणि बिंदू नदीच्या मधोमध किंवा पलीकडच्या काठावर पडतो. खात्री किती हाही रकाना ठेवला: पक्की, बरीच, शंका. शंका असलेली नोंद लपवायची नाही आणि पक्की म्हणून पाठवायचीही नाही. सगळ्या नोंदी आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावरही टाकतो. तिथे अनोळखी जाणकार ओळख तपासतात, आणि निर्वाळा मिळालेली नोंद पुढे जीबीआयएफ या जागतिक भांडारात जाते. आमची वही हरवली तरी नदी हरवणार नाही.

दुपारी नकाशावर दोन्ही बिंदू टाकले आणि मामांचं वल्हं आठवलं. डा-३४, डा-३६, आणि ओढ्याचं तोंड डा-३७ ला. दोन्ही जागा ओढ्याच्या खालच्या अंगाला. वरच्या थांब्यांवर एकही नाही, आणि हे आम्ही छातीठोकपणे म्हणू शकलो कारण वरचे सगळे रकाने 'नाही' असे भरलेले होते.

मामांना घेऊन लगेच गेलो. "हीच ती," ते म्हणाले. ओढ्याच्या तोंडाशी काठापासून पाण्यावर पसरलेली दीड-दोन मीटरची गादी, देठांवर पांढरी बोंडं. खोड कापलं, पोकळ. ओढ्यानं वर चालत गेलो. तीनशे मीटरवर काठ भरून काढण्यासाठी टाकलेला गाळाचा ढीग आहे. कुठल्यातरी तलावाचा उपसा यंत्रानं काढून गाड्यांनी आणलेला. ढिगाच्या पायथ्याला आणि फटीफटींतून फिलो उगवली आहे. ढिगाच्या वर ओढ्यात काहीच नाही. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "इथून धरलं तर अजून हातात आहे."

१६ मार्च, रविवार

कार्यालयाला अहवाल पाठवला. चौदा पानं, नकाशा, बत्तीस फोटो.

६ एप्रिल, रविवार

उत्तर नाही. गुरुवारी फोन केला होता. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, जागा किती? सगळी मिळून वीस-बावीस चौरस मीटर म्हटल्यावर म्हणाले, "एवढ्याशासाठी माणसं कशी पाठवू? इथे जलपर्णीचे एकरच्या एकर पडलेत. पसरलं की कळवा. आणि परकं तर सगळंच असतं."

त्यांचं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. २०२३ साली आयपीबीईएसचा, म्हणजे जैवविविधतेवर शासनांना सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाचा, जागतिक अहवाल आला. त्यात माणसानं जगभर इकडून तिकडे नेलेल्या ३७,००० हून अधिक परक्या प्रजाती मोजल्या आहेत, आणि त्यांतल्या साडेतीन हजारांहून जास्त प्रजाती घातक ठरल्या आहेत. म्हणजे दहात साधारण एक. बाकीच्या नऊंबद्दल आमचं काहीच म्हणणं नाही. पण फिलो त्या दहातल्या एकीत आहे, आणि 'पसरलं की कळवा' हे तिच्या बाबतीत उलटं आहे. गाजरगवताची भारतातली नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली. आज ते देशभर आहे. त्याला आवरायला मेक्सिकोतले भुंगेरे आणून १९८४ मध्ये सोडावे लागले, तरी ते हटलेलं नाही.

भुंगेऱ्यांवरून आठवलं. आमच्यातल्या एकानं विचारलं होतं, फिलोवरही भुंगेरे सोडता येणार नाहीत का? अमेरिकेत १९६४ पासून सोडले आहेत, अ‍ॅगासिकलिस हायग्रोफिला. पाण्यावर तरंगणारी गादी ते फस्त करतात, जमिनीवरच्या वेलीवर मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय बाहेरचा कीटक सोडण्याआधी तो इथल्या वनस्पतींना लागणार नाही ना, याच्या चाचण्यांना वर्षं जातात. ते शासनाच्या शास्त्रज्ञांचं काम आहे. आमच्या हातात वीस चौरस मीटर आहेत.

१३ एप्रिल, रविवार

अहवाल नव्यानं लिहिला. एकच पान. चौदा पानांत आम्हाला काय काय कळलं ते होतं, त्यांनी काय करायचं ते नव्हतं. आता वर एक ओळ: कोणती वनस्पती, ओळख कुणी तपासली. मग तीन जागांचे अक्षांश-रेखांश, प्रत्येकीचं क्षेत्र, तिथवर जायची वाट. मग मागण्या दोनच: स्वयंसेवकांना मे महिन्यात हातानं काढण्याची लेखी परवानगी द्यावी, आणि त्या ढिगावरचा गाळ दुसरीकडे नेणं थांबवावं. शेवटी ठळक अक्षरांत: यंत्रानं उपसू नये, पात्यानं कापू नये, प्रत्येक तुकडा नवी वेल होतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

परवानगी आली. एक तरुण अभियंता ताई स्वतः ढिगावर येऊन गेल्या. गाळ दुसऱ्या दोन कामांवर जायचा होता, तो थांबवला. माझ्या मते या वर्षातलं सगळ्यांत मोठं काम हेच झालं, आणि त्यात एकही रोप उपटलं गेलेलं नाही.

११ मे, रविवार

पाणी सगळ्यांत कमी, म्हणून आज. पंधरा जण. आधी ओढ्याच्या तोंडाशी आणि त्याच्या खाली मच्छरदाणीच्या कापडाच्या दोन आडव्या जाळ्या बांधल्या, मगच वेलीला हात लावला. पाण्यावरची गादी कडेकडेनं गुंडाळत काठावर घेतली. ते सोपं गेलं. ढिगावरची वेल छळणारी. खुरप्यानं दोन फूट खाली गेलो तरी पांढरी मुळं संपत नाहीत, आणि गाळ ढिला असल्यानं मूळ ओढलं की मध्येच तुटतं. शेवटी तो सगळा गाळ घमेल्यांनी काढून चाळला.

नऊ गोणी भरल्या. दोन्ही जाळ्यांत मिळून २१२ तुकडे सापडले. जाळ्या नसत्या तर तेवढे आम्हीच नदीला दिले असते.

१ जून, रविवार

ताडपत्रीवर वाळत घातलेल्या वेली पाहायला गेलो. वरून काडी झालेल्या, पण ढीग उकरला तर मधली पेरं अजून हिरवी, दोन पेरांना कोंबसुद्धा. तीन आठवड्यांचं कडक ऊन खाऊन. सगळं पातळ पसरलं, वर दुसरी काळी ताडपत्री घातली. पावसाआधी पूर्ण वाळलं नाही तर काय करायचं यावर बोलणं झालं, जाळायचं ठरलं.

८ जून, रविवार

पावसाआधीची शेवटची फेरी. बूट, खुरपी, नावेचा तळ, सगळं तपासून, धुऊन, वाळवून मगच दुसऱ्या थांब्याकडे, हा नियम आजपासून. माझ्या उजव्या बुटाच्या खाचेत गाजरगवताचं बी निघालं.

पाऊस आल्यावर पुलाखाली बसलो. बाईंनी हिमालयातल्या तेरड्याची गोष्ट सांगितली, आपल्या तेरड्याचीच थोराड बहीण. १८३९ मध्ये ती शोभेसाठी ब्रिटनमध्ये नेली. तिथे एकेक रोप आठशेपर्यंत बिया धरतं, शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं. उन्हाळाभर नदीकाठ गुलाबी दिसतो आणि हिवाळ्यात सगळी रोपं एकदम मरतात. दुसरं काही वाढू दिलेलं नसतं, त्यामुळे काठ उघडा पडतो आणि माती पाण्यात जाते. तिकडचे लोक रविवारी आमच्यासारखेच जमून ती उपटतात. हिमालयात तीच वनस्पती कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. कॉलेजातला मुलगा म्हणाला, "म्हणजे तिकडच्या वहीत आपण उपरे." नंतर कितीतरी वेळ मी त्याचाच विचार करत होतो. झाडात वाईट काही नसतं. ज्या किड्यांनी, ज्या शेजाऱ्यांनी त्याला आवरून धरलं होतं, ते मागे राहिलेले असतात.

१० ऑगस्ट, रविवार

पूर. फक्त पुलावरून पाहिलं. एका रात्रीत जलपर्णी पूर्ण वाहून गेली. पुलावर जमलेले लोक म्हणत होते, नदी साफ झाली. खालच्या टप्प्यावर काम करणाऱ्या गटाला फोन करून सांगितलं की ती तुमच्याकडे येते आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

पूर ओसरल्यावरची पहिली पूर्ण फेरी, डा-३७ पासून खाली शून्यापर्यंत, दोन्ही काठ. ढिगाची जागा स्वच्छ. ओढ्याचं तोंड स्वच्छ. डा-३६ आणि डा-३४, दोन्हीकडे 'नाही'. तीन वेळा पाहून लिहिलं.

उ-२२ ला वाळुंजाच्या मुळ्यांत अडकलेली एक वेल सापडली. अकरा पेरं, चार रुजलेली. काढली, मोजली, पिशवीत घातली. ती मे महिन्यातल्या आमच्या हातून सुटलेली की त्याआधीच गेलेली, हे सांगता येत नाही. खालचे सगळे थांबे आता दर महिन्याला.

डा-१८ वर थांबलो. फेब्रुवारीत आम्ही कांचरी उपटली होती त्या दोन चौरस मीटरच्या मोकळ्या तुकड्यात गाजरगवताची सदतीस रोपं आहेत. आजूबाजूला जिथे कांचरी शाबूत आहे तिथे एकही नाही. फुलावर येण्याआधी सगळी उपटली, हातमोजे घालून. कडेला कांचरीचं एक पेर रुजलं आहे, त्याभोवती चार काड्या रोवल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री मामांचा फोन: "उ-४१ ला बघा. तशीच दिसते. हात लावला नाही, फांदीला लाल चिंधी बांधून ठेवलीय." उ-४१ म्हणजे ओढ्याच्या वर. तिथे फिलो निघाली तर ढिगाचा आमचा सगळा हिशेब चुकला आणि ती दुसरीकडूनही येते आहे असा त्याचा अर्थ. रात्रभर झोप नीट लागली नाही.

सकाळी सातला नावेतून गेलो. चिंधी लांबूनच दिसली. मामांनी नाव काठाला लावली आणि वल्हं आडवं धरून ठेवलं. पांढरी बोंडं, समोरासमोर पानं. गुडघ्यावर बसून एक फांदी उचलून बाजूनं पाहिली. बोंड पेराला चिकटलेलं, देठ नाही. शेजारची फांदी, तीही तशीच. खोड कापलं, भरीव. पाच फोटो काढले, अचूकता चार मीटर.

उ-४१: फिलो नाही. कांचरी. खात्री पक्की. मामांनी चिंधी सोडून खिशात ठेवली.